तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारी दुकान बंद का?

"भाऊ, रविवारी दुकान काबरं बंद ठेवता?" बावीस वर्षं झाली दुकानाला, आणि हा प्रश्न एकही महिना चुकलेला नाही. गिऱ्हाईक विचारतं, शेजारचा वेल्डिंगवाला विचारतो, सोयरे विचारतात, मागच्या महिन्यात तर पोरीच्या मैत्रिणीनेही विचारलं. उभ्या उभ्या मी "चर्चला जायचं असतं ना" एवढंच सांगतो आणि विषय संपतो, पण ते अर्धंच उत्तर आहे, कारण आमची उपासना साडेअकराला सुटते, मग दुपारी शटर वर का जात नाही हे कोणालाही सुचेल. म्हणून एकदा नीट बसून लिहितो.

माझं मोटार रिवायंडिंगचं काम आहे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायची, सावद्याजवळ. विहिरीवरच्या मोनोब्लॉक, बोअरच्या सबमर्सिबल, स्टार्टर, केबल, सगळं. रावेर-यावलचा हा पट्टा केळीचा, आणि केळी म्हणजे पाणी. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं, तेही रोज. शेतीची थ्री फेज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री, आणि त्यात मधेच एक फेज उडाली आणि मोटार बंद करणारा स्टार्टरचा रिले चिकटलेला असला की दोन फेजवर मोटार घरघरत राहते आणि जळते. ती कोणता वार आहे ते बघून जळत नाही. उलट नोकरी करून शेती बघणारी मंडळी रविवारीच मळ्यात असतात, तेव्हाच त्यांना कळतं की मोटार गेली. म्हणजे आमच्या धंद्यात उन्हाळ्याचा रविवार हाच कमाईचा दिवस आणि त्याच दिवशी माझं शटर खाली. लोक विचारतात ते चूक नाही.

हे सुरू केलं माझ्या वडिलांनी. ते दुसऱ्याच्या दुकानात कारागीर होते, तेव्हापासून रविवारी कामावर जायचे नाहीत, त्या दिवसाचा पगार कापला जायचा, तरी नाही. पण मला हे खरं समजलं आजोबांच्या आठवणींवरून. आजोबा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला शेतगडी. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं हे इकडच्यांना सांगायला नको. आखाजी ते आखाजी माणूस बांधलेला. पहाटे गोठा, दिवसभर औत, रात्री पाण्याची पाळी. आजोबा सांगायचे की पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, त्याला धुवायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी खाऊ घालायची, आणि हे सगळं करणारा कोण तर सालदार, म्हणजे बैलाला सुट्टी आणि त्याला त्या दिवशी दुप्पट काम. ते हे तक्रार म्हणून सांगत नसत, असंच असतं म्हणून सांगत.

आता पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, दहा आज्ञा दोनदा आल्यात, एकदा निर्गम नावाच्या पुस्तकात आणि एकदा अनुवाद नावाच्या पुस्तकात. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा दोन्हीकडे आहे पण कारण वेगळं दिलंय. निर्गमात कारण असं की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र म्हटलंय की तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीतला परका, सगळ्यांना तुझ्यासारखा विसावा मिळू दे, कारण तूही मिसर देशात (इजिप्तमध्ये) दास होतास, हे विसरू नको. हे मी लहानपणापासून शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) पाठ म्हटलेलं, पण आजोबा वारले त्या वर्षी ते वाचताना मला पुढे वाचवेना. माझा मिसर फार लांब नव्हता हो, दोन पिढ्या मागे, ह्याच शिवारात होता.

तेव्हापासून रविवार म्हणजे माझ्यासाठी हे आहे. आठवड्यातला एक दिवस मी कामाचा नाही, गिऱ्हाइकाचा नाही, पैशाचा नाही, मी देवाचा आहे. आणि माझ्या हाताखाली जे आहेत तेही त्या दिवशी माझे नाहीत. दुकानात दोन पोरं आहेत, दोघांना महिन्याचा पगार, रविवार कापत नाही. त्यातला एक तडवी समाजाचा आहे, तो शुक्रवारी दुपारी नमाजला जातो, तेव्हा मी गल्ल्यावरून उठून त्याच्या जागी कॉइल भरायला बसतो. विसाव्याची आज्ञा मी फक्त माझ्या उपासनेपुरती पाळली आणि त्याच्या नमाजला तोंड वाकडं केलं तर ती आज्ञा मला कळलीच नाही असं होईल.

काहीजण म्हणतात रविवार इंग्रजांनी आणला, तुम्ही त्यांचंच चालवता. त्यांना मी नारायण मेघाजी लोखंडेंचं नाव सांगतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते, सत्यशोधक लोखंडेंनी कामगारांना एकत्र करून लढा दिला आणि 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. सरकारी कचेरीतल्या साहेबाला ती आधीपासून होतीच, गिरणीतल्या मराठी माणसाला ती भांडून घ्यावी लागली. त्यामुळे रविवारची सुट्टी घेताना मला परकं काही घेतोय असं कधी वाटत नाही. आणि अजून एक विचारतात, चर्चकडून त्या दिवसाचे पैसे मिळतात का. नाही मिळत. आमची मंडळी पंधरा घरांची, पत्र्याच्या हॉलमध्ये उपासना, पाळक (पास्टर) भुसावळहून येतात, पेटी आणि तबला आमच्यातलीच पोरं वाजवतात, आणि दानाच्या थैलीत आम्हीच टाकतो तेव्हा हॉलचं लाइट बिल भरलं जातं.

मग आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातं ते सांगतो, कारण त्याशिवाय हे उत्तर खोटं होईल.

2010 सालचा मे महिना. रविवारी सकाळी आम्ही सगळे तयार होऊन निघालेलो, तेवढ्यात दारासमोर ट्रॅक्टर उभा राहिला, ट्रॉलीत साडेसात एचपीची सबमर्सिबल. जवळच्या गावातले एक आप्पा. केळी निसवलेली, घड भरायला लागलेले, आणि मोटार शुक्रवारी रात्रीच जळालेली, शनिवारचा अख्खा दिवस ती बोअरमधून काढण्यात गेला. म्हणाले, मिस्तरी, आज करून द्या, दोन दिवस झाले पाणी नाही. मी म्हणालो, आप्पा, आज रविवार, उद्या सकाळी सगळ्यात आधी तुमची. ते काही बोलले नाहीत. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ट्रॅक्टर वळवला आणि गेले. आणि मी चर्चमध्ये जाऊन बसलो, आणि खरं सांगतो, मला त्या दिवशी अभिमान वाटत होता, की बघ, मी धंदा सोडला पण प्रभूचा दिवस मोडला नाही.

त्यांनी मोटार दुसरीकडे नेली, तिथे घाईत भरली, ती दोन तासांत पुन्हा जळाली. पाणी सुरू व्हायला बुधवार उजाडला. त्या उन्हात चार-पाच दिवस बिनपाण्याची केळी म्हणजे काय ते केळीवाल्याला विचारा. पानं करपली, घड पोचट राहिले, काही झाडं मधूनच मोडली. हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं, आप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी पाळकांनी लूकचं शुभवर्तमान उघडलं, तेरावा अध्याय. अठरा वर्षं कुबड आलेली बाई, येशू तिला शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी बरं करतो आणि सभास्थानाचा अधिकारी चिडतो, की कामाला सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा. म्हणजे जवळजवळ माझंच वाक्य. आणि येशू विचारतो, तुम्ही तुमचा बैल, तुमचं गाढव शब्बाथाच्या दिवशी सोडून पाण्यावर नेत नाही का? पाण्यावर! पुढे चौदाव्या अध्यायात तर अजून, की तुमच्यातल्या कोणाचा बैल विहिरीत पडला तर तो शब्बाथाच्या दिवशी लगेच वर काढणार नाही का. मी मान खाली घालून बसलो होतो. विहीर, पाणी, वर काढणं, हे तर माझं रोजचं काम, ह्यावरच माझी भाकर, आणि नेमकं हेच वचन मला कळलं नव्हतं. घरी येऊन जेवण गेलं नाही.

संध्याकाळी आप्पांच्या मळ्यात गेलो. काय बोलायचं ते जमवून गेलो होतो पण करपलेली बाग बघून ते सगळं गेलं, एवढंच म्हणालो, आप्पा, माझं चुकलं, माझ्या देवाने मला असं करायला सांगितलं नव्हतं, ते मीच केलं. ते म्हणाले, बसा, चहा घ्या. बस, एवढंच. नुकसान भरून देण्याची माझी ऐपत नव्हती, पुढची दोन वर्षं त्यांच्या मोटारीचं काम मी मजुरी न घेता केलं, त्यांनी तिसऱ्या वर्षी जबरदस्तीने पैसे खिशात कोंबले.

मग दुकान रविवारी उघडायला लागलो का? तर नाही. काही महिने मी तसं करून बघितलं, अडलेल्याचं काम उपासनेनंतर करायचं, फक्त तारेचे पैसे घ्यायचे, मजुरी नाही. पण तेही बिघडलं. लोकांना कळलं की रविवारी मजुरी लागत नाही, मग गुरुवारची मोटार रविवारी यायला लागली, पोरांना बोलवावं लागायला लागलं, बायको म्हणाली, तुमचा रविवार तर सोमवारपेक्षा जड झालाय. ती बरोबर होती. दया करायची म्हणून मी त्या दोन पोरांचा विसावा काढून घेत होतो.

शेवटी जे सुचलं ते साधं होतं. दोन जुन्या मोटारी विकत घेतल्या, एक पाच एचपी, एक साडेसात, दोन्ही नव्याने भरून, टेस्ट करून घराच्या ओट्यावर ठेवल्या. रविवारी कोणाची जळाली तर त्याने ती उसनी न्यायची, बोअरमध्ये सोडायची, पाणी सुरू करायचं, आणि जळालेली सोमवारी दुकानात. भाडं नाही. कधी बसवायला मी जातो, एकटा, पोरांना बोलवत नाही. बऱ्याच वेळा तर मोटार गेलेलीच नसते, केबलचा जॉइंट ओला झालेला असतो नाहीतर स्टार्टरचं ओव्हरलोड ट्रिप होत असतं, ते दहा मिनिटांचं काम. ते करताना आपण रविवार मोडतोय असं मला आता वाटत नाही. माझा मेहुणा सॅव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट आहे, तो शनिवार पाळतो, आमचे त्यावरून तासन् तास वाद होतात, पण ह्या उसन्या मोटारीवर आमचं एकमत आहे. त्यानेच मला सांगितलं की रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने इसवी सन 321 मध्ये रविवारच्या सुट्टीचा हुकूम काढला, तेव्हा शहरातल्या कारागिरांना काम बंद ठेवायला सांगितलं पण शेतकऱ्याला मोकळीक दिली, कारण पेरणीची वेळ हातची जाऊ नये. सतराशे वर्षांपूर्वी ते त्यांना कळत होतं.

तर हे झालं उत्तर. चर्चला जायचं असतं हे खरं आहेच. सकाळी पोरं अंघोळ करून तयार, हॉलमध्ये पंखे फिरत असतात पण वारा गरमच, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सुरू होतं आणि आठवडाभर कानात बसलेली मोटारीची घरघर जाते. दुपारी वांग्याचं भरीत नाहीतर शेवभाजी, मग झोप, संध्याकाळी आजारी कोणी असेल त्याच्या घरी प्रार्थना.

ह्या मे महिन्यात प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा, रविवार होता. भाकर मोडून झाली होती, प्याला फिरत होता, आणि मला खिडकीतून दिसलं की निंबाच्या सावलीत एक तरुण मोटारसायकल लावून उभा आहे, हातात स्टार्टरचं झाकण. आप्पांचा नातू. मी उठून बाहेर गेलो, म्हणालो, चल, काय झालंय बघू. तो म्हणाला, नाही काका, तुमचं होऊ द्या, आप्पांनी सांगून पाठवलंय की मधे उठवू नको, लाइट दोनला येणार आहे, टाइम आहे. मी म्हणालो, मग बाहेर काबरं उभा राहतोस, आत ये. तो चपला काढून आत आला आणि शेवटच्या सतरंजीवर बसला, झाकण मांडीवर ठेवून. पाळकांनी आशीर्वाद दिला तसे आम्ही दोघं निघालो, दोनला दहा मिनिटं कमी असताना स्टार्टर बसवून झाला.