बदल लिहिताना माणूस सुटू नये

बेळगावच्या वडगावात मी संध्याकाळी डिग्रीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. बहुतेकजणी मराठी माध्यमातून आलेल्या. 'समाजातील बदल' या विषयावर लिहा म्हटलं की सगळ्यांच्या वहीत तेच: काळ बदलला, मोबाइलमुळे माणसं दुरावली. गाइडमधली ही वाक्यं पाठ असतात, पण त्यात वडगाव कुठेच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं. यांच्या घरातच केवढा बदल होऊन गेलाय!

म्हणून आता मी आधी घरी विचारून यायला सांगते. एकीची आजी म्हणाली, "आमच्या टायमाला घरोघरी हातमाग होते गं. मी सुताच्या कांड्या भरायची, तुझे आजोबा विणायचे. पॉवरलूम आले आणि माग विकून टाकला." सगळं व्याकरण यातच आहे. कांड्या भरणं रोजचं होतं, आता बंद झालं, तिथं 'यूज्ड टू'. माग विकला ते एकदाच, तिथं साधा भूतकाळ, आणि माहीत असेल तर साल. पॉवरलूमनी हातमागाची जागा घेतली आणि ती अजून सोडलेली नाही, म्हणून 'हॅव रिप्लेस्ड'. या 'हॅव'ला मात्र 'इन १९८५' असं सरलेलं साल जोडायचं नाही. 'सिन्स १९८५' चालतं.

आकड्यांत जास्त गोंधळ होतो. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात स्त्रियांची साक्षरता सुमारे ५२ टक्के होती, २०११ ला ६४ च्या वर गेली. पोचली तिथं 'टू', जेवढी वाढली तिथं 'बाय'. आणि वाढ १२ 'पर्सेंट' नव्हे, 'पर्सेंटेज पॉइंट्स'. कारण ५२ च्या मानानं १२ ची भर म्हणजे जवळजवळ पावपट.

कर्मणी प्रयोगाबद्दल मी हट्टी आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं नाव अधिकृतपणे बदललं, तिथं 'वॉज रिनेम्ड' शोभतं. सरकारनं बदललं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'पारंपरिक व्यवसाय नष्ट केले गेले' या धर्तीचं इंग्रजी वाक्य आलं की मी विचारते, कुणाचा व्यवसाय? कुणामुळे गेला?

त्या मुलीनं शेवटी लिहिलं, 'माय ग्रँडमदर सोल्ड हर लूम आफ्टर द पॉवरलूम्स केम.' परीक्षेत मार्क पडायचे तेवढे पडोत, मला ते वाक्य फार आवडलं. माग कितीला विकला आणि नंतर घर कशावर चाललं, एवढं आजीला विचारून ये म्हणून सांगितलंय.