आमची वाटचाल : ड्रायरपासून रिअ‍ॅक्टरपर्यंत

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीला फ्लुइड बेड ड्रायरचे सुटे भाग बनायचे. चिकलठाणा, वाळूज भागात औषध कंपन्या भरपूर, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. खालून गरम हवा सोडली की ओली भुकटी उचलली जाते आणि उकळत्या भातासारखी खदखदत सुकते. हे तंत्र हाताखालून गेलेलं होतं, म्हणूनच एका सल्लागार केमिकल इंजिनिअरने विचारलं, "हीच खदखद ४०० अंशांना, आत रिअ‍ॅक्शन चालू असताना सांभाळाल का?"

काम होतं ब्युटेन वायूपासून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड हे रसायन करण्याच्या पायलट, म्हणजे छोट्या प्रायोगिक आकाराच्या रिअ‍ॅक्टरचं. पाण्याच्या टाक्यांना लागणारं एफआरपीचं (काचेच्या तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचं) रेझिन ज्यापासून बनतं, त्यातला हा एक कच्चा माल. पूर्वी तो बेंझिनपासून व्हायचा. त्यात सहापैकी दोन कार्बन जळून वाया जातात. ब्युटेनचे चारही कार्बन मालात उतरू शकतात. मात्र ऑक्सिडेशन, म्हणजे ब्युटेनचा ऑक्सिजनशी होणारा संयोग, मधेच थांबवावं लागतं. जरा पुढे गेलं की हाती उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. शिवाय उष्णता प्रचंड निघते. नळ्यांत भरलेल्या स्थिर कॅटलिस्टमध्ये (रिअ‍ॅक्शन घडवून आणणाऱ्या उत्प्रेरकात) एखादी जागा भलतीच तापते. फ्लुइड बेडमध्ये कण सतत घुसळत राहतात, त्यामुळे तापमान सगळीकडे जवळपास सारखं राहतं. हवा आणि ब्युटेन वेगवेगळ्या तोंडांनी आत घेता येतात. स्थिर बेडमध्ये ब्युटेन साधारण १.८ टक्क्यांच्या, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या आत ठेवायची पद्धत. इथे ४ टक्क्यांपर्यंत जाता येतं.

आमचा जीव सर्वात जास्त अडकतो तो डिस्ट्रिब्युटर प्लेटमध्ये, म्हणजे बेडच्या तळाशी हवा वाटून देणाऱ्या भोकांच्या प्लेटमध्ये. हवा भोकाभोकांतून सारखी यायला हवी, तर प्लेटवरचा दाब-फरक बेडच्या दाब-फरकाच्या साधारण ३० टक्के ठेवावा लागतो. तो कमी पडला तर हवा एकाच बाजूने वाट काढते आणि दुसरीकडे भुकटी मेल्यासारखी बसून राहते. म्हणून ड्रिल झाल्यावर प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा खरखरीत कंगोरा, आमची मुलं हाताने काढतात. बर राहिली की हवेचा झोत तिरका जातो आणि शेजारची कूलिंगची नळी झिजवतो. प्लेट तयार झाली की अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक नळकांड्यात गार हवेवर भुकटी उडवून बघतो. बुडबुडे मधूनच चढतायत की भिंतीला चिकटून, हे डोळ्यांना दिसतं. कागदावर कितीही हिशेब जुळला तरी ही चाचणी मी सोडत नाही.

कूलिंग कॉइल, म्हणजे बेडमधली उष्णता काढून नेणाऱ्या नळ्या, हे दुसरं जिकिरीचं काम. तीन मीटरची स्टेनलेस नळी ४०० अंशांनी तापली की जवळपास २० मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकं जखडली तर वेल्ड तडकणारच. म्हणून आम्ही एक टोक सरकतं ठेवतो. सायक्लोनच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूला गरगर फिरवून त्यातले कण पकडणाऱ्या भांड्याच्या, आतले वेल्ड ग्राइंड करून सपाट करतो, कारण शे-पन्नास मायक्रॉनचे कण वर्षानुवर्षं तिथेच आपटणार असतात. व्हॅनेडियम-फॉस्फरसचं ते कॅटलिस्ट महाग. सायक्लोनने पकडलं नाही तर गिऱ्हाइकाचा पैसा धुराड्यातून जातो.

हे सगळं सरळ झालं नाही. एका मोठ्या पार्टीने माल उचलून पैसे बरेच महिने अडकवले, तेव्हा पगार भागवायला ड्रायरचीच कामं पुन्हा घेतली. पण पायलट रिअ‍ॅक्टरची लाइन बंद केली नाही. पैठण-गंगापूरकडची, आयटीआय झालेली मुलं हे वेल्डिंग शिकली होती. ती पांगली असती तर पुन्हा जमवणं अवघड होतं. त्यांतले दोघं आता स्वतः ड्रॉइंग वाचून प्लेटच्या भोकांची मांडणी ठरवतात.

आजही आम्ही पायलट आकारातच काम करतो. पूर्ण प्लांटच्या चौकश्या येतात, पण तेवढी जागा, क्रेन आणि तपासणीची सोय आमच्याकडे नाही, तसं सरळ सांगतो. जे घेतो त्यासाठी कोटेशनच्या आधी पार्टीकडून एकच गोष्ट मागतो : त्यांच्या खऱ्या कॅटलिस्टची किलोभर भुकटी.