चूक आधी हाताला कळावी

पूर्वी मी रविवारी सकाळी गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शंभर चेंडूंची बादली घेत असे आणि ती पाऊण तासात रिकामी करत असे. आता चाळीसच चेंडू घेतो आणि तेवढ्यात तास-सव्वा तास जातो. या जास्तीच्या वेळात मी काय करतो, ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण आपल्यापैकी बरेच जण आपली चूक दुसऱ्या कोणीतरी दाखवावी म्हणून वाट पाहत राहतात, आणि मीही चार वर्षे तीच वाट पाहिली.

मी उजव्या हाताने खेळतो. माझा चेंडू लक्ष्याच्या थोडा डावीकडून निघायचा आणि हवेत उजवीकडे वळत वळत झाडीत जायचा. अशा वळणाऱ्या फटक्यावर, म्हणजे स्लाइसवर, मी माझ्यापुरता उपाय काढला होता, तो म्हणजे आणखी डावीकडे वळून उभे राहायचे. त्याने चेंडू अधिकच वळू लागला. कारण समजले ते फार उशिरा. चेंडू निघतो तो बहुतांशी फटक्याच्या क्षणी क्लबफेसचे, म्हणजे क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) चेंडूला लागणाऱ्या सपाट भागाचे, तोंड जिकडे असेल तिकडे, आणि हवेत वळतो तो क्लबफेसची दिशा आणि स्विंगची, म्हणजे क्लब फिरवण्याची, वाट यांच्यातल्या फरकामुळे. माझा क्लब चेंडूवर बाहेरून आत, म्हणजे डावीकडे कापत येत होता आणि त्या वाटेच्या मानाने क्लबफेस उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून, राहत होता. मी जितका डावीकडे वळून उभा राहत होतो, तितकी ती वाट आणखी डावीकडे जात होती आणि फरक वाढत होता.

माझ्यासोबत नेहमी येणारे कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे मदतनीस) हे पूर्वीच सांगत असत. "सर, हात बाहेरून येतोय," एवढेच त्यांचे वाक्य. मला ते पटत नसे, कारण हात अगदी अंगाजवळून, आतूनच खाली येत आहेत अशी माझी खात्री होती. शेवटी मी फोन बॅगेवर टेकवला, हातांच्या उंचीवर, लक्ष्याच्या रेषेला समांतर असा मागच्या बाजूने, आणि संथ गतीत चित्रण केले. खाली येताना पहिला फिरत होता तो उजवा खांदा, आणि त्याने हातांना बाहेर ढकलून दिले होते. मी ते चित्रण पाच-सहा वेळा पाहिले. अंगाला जे जाणवते आणि अंग प्रत्यक्षात जे करते, त्यांत एवढे अंतर असू शकते हे मला त्या दिवशी कळले.

डाऊनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूकडे खाली येणे, साधारण पाव सेकंदात संपतो आणि चेंडू क्लबला चिकटून असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच. एवढ्या वेळात चूक ओळखून ती सुधारणे कोणालाही शक्य नाही. हाती उरतो तो फटक्यानंतरचा क्षण, आणि तोच आपण चेंडूच्या मागे धावणाऱ्या नजरेला देऊन टाकतो.

म्हणून मी आता फळ्यावर लिहायच्या पेनने चेंडूच्या मागच्या बाजूला एक ठिपका काढतो. सेव्हन आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने) फटका मारतो, फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे फटक्यानंतर क्लब पुढे गेला की, थांबतो आणि क्लबकडे न पाहता मोठ्याने सांगतो: "टो" (क्लबफेसचे बाहेरचे टोक), "हील" (दांड्याकडची बाजू) किंवा "मध्य". मग क्लबफेस वळवून पाहतो. निळा ठिपका खोबणींवर उमटलेला असतो. जुळला की ओल्या फडक्याने पुसायचा आणि पुढचा चेंडू घ्यायचा. नाही जुळला, तर डोळे मिटून हाताला काय जाणवले होते ते पुन्हा आठवायचे. पहिल्या दिवशी दहातले तीनच जुळले, आणि तेही मध्यावर बसलेले.

हळूहळू फरक कळू लागला. टोकाला लागला की क्लब उघडतो आणि डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत पकड किंचित पिळली जाते. हीलला लागला की आवाज बोदा येतो. चेंडूच्या पोटावर धार लागली तर डिसेंबरच्या सकाळी कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. आधी जमिनीला लागलेला फटका मात्र रेंजवरच्या चटईवर ओळखता येत नाही, कारण क्लब चटईवरून घसरतो आणि चेंडू बऱ्यापैकी जातो. त्यासाठी गवतच हवे. गवतावर एक रेघ आखून तिच्यावर चेंडू ठेवावा आणि डिव्हॉट, म्हणजे क्लबने गवतात पडलेला खड्डा, कुठे सुरू झाला ते पाहावे. तो रेघेच्या मागे सुरू झाला असेल, तर चेंडू कितीही चांगला गेला तरी फटका चुकलेला आहे. डिव्हॉटचे तोंड कुठे आहे तेही पाहावे. माझे सगळे डिव्हॉट डावीकडे बोट दाखवत होते.

सुधारणेच्या बाबतीत माझा अनुभव असा की योग्य वाटेल इतकाच बदल केला, तर प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. हात आतून यावेत म्हणून मला चेंडू मैदानाच्या उजव्या कुंपणावर मारतो आहे, इतके टोकाचे जाणवावे लागले, आणि चित्रणात तो स्विंग जेमतेम सरळ दिसला. त्याच्या जोडीला चेंडूच्या पलीकडे चार बोटांवर आणि जरा मागे मी हेडकव्हर (क्लबच्या डोक्याचे आवरण) ठेवत असे. हात बाहेरून आले की ते उडे. हे सगळे अर्ध्या वेगाने करावे लागते. पूर्ण वेगात शरीर जुनीच वाट धरते, आणि तेव्हा हाताला काही ऐकू येत नाही.

गेल्या रविवारी अठरावा चेंडू डावीकडून निघून उजवीकडे वळला. तो हवेत असतानाच मी "खांदा" म्हणालो. मागे उभ्या असलेल्या कॅडींनी मान हलवली आणि ते काही बोलले नाहीत.