तुम्ही विचारलेत म्हणून: मी प्रबळ ग्रह का सांगत नाही

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी पत्रिका घेऊन येणारे, कोपिनेश्वराच्या आवारात थांबवून बोलणारे, लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवर बसून हळूच जन्मवेळ सांगू लागणारे, असे सगळेच गेली काही वर्षे मला एकच प्रश्न विचारतात. तुम्ही पत्रिका मांडता, मुहूर्त काढून देता, दशा म्हणजे आयुष्यात कोणत्या ग्रहाचा काळ कधी, तेही सांगता. मग आमच्या पत्रिकेतला प्रबळ ग्रह कोणता आणि त्यामुळे आमचा स्वभाव कसा, एवढेच सांगायला का नकार देता? आजवर मी कधी वेळ नसल्याचे कारण दिले, कधी त्यात फारसे काही नसते असे म्हणून विषय बदलला. ही दोन्ही उत्तरे खरी नव्हती, म्हणून आता एकदा सविस्तर लिहिते.

आधी हे स्पष्ट करते, की मी हे शास्त्र सोडलेले नाही आणि त्यातून कधी एक रुपयाही मिळवलेला नाही. मी वडिलांकडून शिकले. ते पंचांग आणि लॉगॅरिदमची कोष्टके घेऊन बसत. 1955 पूर्वी मुंबईत जन्मलेल्या माणसाने वेळ सांगितली की ती ‘मुंबई टाइम’ची की ‘स्टँडर्ड टाइम’ची, हे ते आधी विचारत, कारण दोहोंत 39 मिनिटांचे अंतर होते. लग्नराशी, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, सरासरी दोन तासांनी बदलते, तेव्हा एवढ्या फरकाने माणसाची लग्नराशीच बदलू शकते. वेळेच्या बाबतीत इतकी काटेकोर शिकवण मिळालेली मी निष्कर्षाच्या बाबतीत किती ढिली राहिले, याचाच हा वृत्तान्त आहे.

‘प्रबळ’ म्हणजे काय, यावरही शास्त्रात एकवाक्यता नाही. कोणी लग्नेशाला, म्हणजे लग्नराशीच्या स्वामीला, मान देतो. कोणी षड्बल काढतो, म्हणजे स्थानबल, दिग्बल (दिशेचे), कालबल, चेष्टाबल (गतीचे), नैसर्गिक बल आणि दृग्बल यांची बेरीज करतो, आणि तीही सरळ तुलना करण्यासारखी नसते, कारण पाराशरी मताने बुधाला बलवान ठरण्यासाठी 7 रूपे (बल मोजण्याचे एकक) लागतात तर शनीला 5 पुरतात. जैमिनी पद्धतीत राशीत सर्वांत अधिक अंश चाललेला ग्रह आत्मकारक ठरतो. एकाच पत्रिकेत या तीन वाटांनी तीन वेगळे ग्रह समोर येऊ शकतात. हे मला पहिल्यापासून माहीत होते. माहीत असूनही मी पस्तीस वर्षे समोरच्या माणसाला एकच नाव सांगत आले, कारण त्याला एकच नाव हवे असायचे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी 2013 च्या फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास जन्मली. तूळ लग्न, आणि लग्नी, म्हणजे पहिल्या स्थानात, शनी. शनी तुळेत उच्चीचा, म्हणजे सर्वांत बलवान, असतो, त्यातही त्याचा परमोच्च अंश विसावा, आणि हा होता सतराव्या अंशावर, शिवाय नुकताच वक्री झालेला, म्हणजे उलटा चालताना दिसणारा, त्यामुळे चेष्टाबलही भरपूर. केंद्रात उच्चीचा शनी म्हणजे शश नावाचा शुभ योग, आणि तूळ लग्नाला शनी योगकारकही, म्हणजे विशेष शुभ फळ देणाराही, असतो. मी पत्रिका मांडली त्या रात्री मला झालेला आनंद आजही आठवतो. बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी सांगितले की ही मुलगी गंभीर, सोशिक, मितभाषी होईल, उशिरा उमलेल, पण जे करील ते टिकाऊ करील. माझ्या भावाने ते वाक्य लिहून ठेवले होते.

मुलगी शांतच निघाली. रडणे कमी, हट्ट कमी, तासन्‌तास ठोकळे रचत बसायची. 2015 च्या श्रावणात भावजय तिला घेऊन कासारवडवलीहून आमच्याकडे राहायला आली होती. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती आणि ‘आई’, ‘पापा’ आणि पाण्याला ‘मम्‌’ यापलीकडे काही बोलत नव्हती. मी स्वयंपाकघरात असताना भावजय दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “वन्सं, ही बोलत का नाही हो? शेजारची हिच्याहून लहान आहे, ती वाक्यं बोलते. हिचे कान दाखवून आणू का?” तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि बाहेरच्या खोलीत मुलगी दचकून आमच्याकडे वळली. मी भावजयीला म्हणाले, “बघ, ऐकू येतंय की तिला. शनी लग्नी आहे तिच्या, अगं, ती बोलणारच उशिरा. मुलीला उगीच तपासण्यांच्या मागे लावू नकोस.”

भावजय पुन्हा काही म्हणाली नाही. ती माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, आमच्या घरात आलेली, आणि मी तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. मी नाही म्हटल्यावर ती कोणाकडे जाणार होती? हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. मला तर वाटत होते की मी तिची काळजी कमी केली.

त्यानंतरची पावणेदोन वर्षे आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मुलीचा शनी जपला. हाक मारली आणि तिने पाहिले नाही, तर ती तिच्या विचारात आहे असे म्हटले. पाहुण्यांनी नाव विचारले आणि ती गप्प राहिली, तर ती तोलूनमापून बोलते असे सांगितले. दूरचित्रवाणीच्या अगदी जवळ जाऊन बसायची, त्याला आम्ही एकाग्रता म्हणालो. वाईट याचे वाटते की या वर्णनांमध्ये कौतुक होते. तिला कोणी मंद म्हटले असते तर भाऊ चिडून लगेच डॉक्टरांकडे गेला असता. मी तिला मोठे विशेषण दिले, म्हणून कोणी हललेच नाही.

2017 च्या जूनमध्ये बालवाडीच्या बाईंनी चौथ्याच दिवशी भावजयीला बोलावून सांगितले की मुलगी समोरून बोलले तर ओठांकडे पाहते आणि पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. त्यांना पत्रिका ठाऊक नव्हती. त्यांनी चार दिवस मुलीकडे पाहिले होते. ‘बेरा’ तपासणी झाली. मुलीला झोपवून, डोक्याला तारा लावून, कानात निरनिराळे आवाज सोडून मेंदू कोणत्या आवाजाला प्रतिसाद देतो ते त्यात नोंदतात. दोन्ही कानांना साधारण 55 डेसिबलच्या अलीकडचे ऐकू येत नव्हते. आपले साधे बोलणे 60 डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे जवळून बोललेले तिच्यापर्यंत पुसट पोहोचत होते, आणि पंखा चालू असताना मागून बोललेले जवळजवळ नाहीच. कुकरची शिटी मात्र तिला व्यवस्थित ऐकू येत होती.

जन्मल्यावर तिच्या कानांची तपासणी झालेली नव्हती. ती पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा नियम आहे, हे मला त्या दिवशी त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून समजले. तिला श्रवणयंत्र लागले तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. अडीच वर्षांची असताना तिच्या आईला जे सुचले होते, ते मी अडवले होते.

त्या रात्री घरी आल्यावर मी तिची पत्रिका पुन्हा काढली आणि मला त्यात सगळे दिसले. तृतीय स्थान उजव्या कानाचे मानतात; तूळ लग्नाला तृतीयेश, म्हणजे त्या स्थानाचा स्वामी, गुरू, आणि तो अशुभ मानलेल्या अष्टम स्थानात, वृषभेत. लग्नी शनीबरोबर राहू. ज्या शनीचे मी इतके कौतुक केले, त्याला दिग्बल सप्तमात मिळते, लग्नी त्याचे दिग्बल जवळजवळ शून्य. हे मला बारशाच्या दिवशीही माहीत होते, पण मी उच्चत्व आणि वक्रत्व मोजले आणि उरलेली बले मोजलीच नाहीत. आत्मकारक काढला तर तो बुध निघाला, म्हणजे वाणीचा कारक. बारशाला मी त्या वाटेने गेले असते, तर ही मुलगी बडबडी होईल असे सांगितले असते, आणि मग ती बोलेना तेव्हा कदाचित आम्ही वेळेत घाबरलो असतो.

हे सगळे दिसल्यावर काही तास मला हायसे वाटले, हेही सांगितले पाहिजे. शास्त्र बरोबर होते, चूक माझी होती, असे म्हणता येत होते. सकाळपर्यंत ते टिकले नाही. घटना घडल्यावर बारा स्थाने आणि नऊ ग्रह यांतून तिचे कारण सापडणार नाही अशी एकही पत्रिका मी पाहिलेली नाही, आणि ज्या पद्धतीत गप्प मूलही बसते आणि बोलके मूलही बसते, तिने त्या मुलाबद्दल मला नेमके काय सांगितले?

माझी 1998 ची वही अजून कपाटात आहे. तिच्यात प्रत्येक ग्रहाखाली मी स्वभाव लिहून ठेवले आहेत आणि पुढे ओळखीच्या माणसांची नावे पुरावा म्हणून जोडली आहेत. जी माणसे बसली नाहीत त्यांची नावे तिच्यात नाहीत. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 मुलांच्या पत्रिका घेऊन, त्यांतल्या हुशार कोणाच्या आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम कोणाच्या हे 27 ज्योतिषांना विचारले, प्रत्येकाने 40 पत्रिका पाहिल्या आणि सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा मी ओळखीच्यांना तावातावाने सांगत होते की बुद्धी एका पत्रिकेवरून ठरत नसते, स्वभाव विचारला असता तर निकाल वेगळा लागला असता. त्या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग मला आजही पटतो. दुसऱ्या भागाला उत्तर त्याच्या कितीतरी आधी, 1948 साली, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी दिलेले होते: विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन त्यांनी प्रत्येकाला ‘तुझा स्वभाव’ म्हणून एकच मजकूर दिला, आणि त्याच्या अचूकपणाला मुलांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मी सांगितलेला स्वभाव ऐकून “अगदी बरोबर” म्हणणाऱ्यांना मी पस्तीस वर्षे माझा पुरावा मानत होते.

तरीही ग्रहांचा माणसाशी काही संबंध नाही, असे मी आज लिहू शकत नाही. मला तसे वाटत असते तर ते लिहिणे सोपे होते. वडिलांच्या मृत्यूची दशा त्यांनी स्वतः मला आधी सांगितली होती आणि ते मी विसरू शकत नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे: एखाद्याला त्याचा ग्रह सांगितला की त्याच्या वागण्याचे कारण शोधणे थांबते, आणि जे मूल स्वतः काही सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत ते थांबण्याची किंमत दुसरे कोणी भरत नाही.

भाऊ म्हणतो, तू नसतीस तरी आम्ही थांबलोच असतो, आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनीही काही मुले उशिरा बोलतात असे सांगितले होते. तो मला वाचवण्यासाठी म्हणतो. भावजय या विषयावर माझ्याशी कधीच बोललेली नाही. मुलगी आता बारा वर्षांची आहे, यंत्र लावते, वाचाउपचारामुळे नीट बोलते आणि घरात सर्वांत जास्त बोलते. ‘स’ आणि ‘श’ यांत तिचा अजून गोंधळ होतो आणि तो ऐकताना मी दरवेळी त्या पावणेदोन वर्षांचा हिशेब करते.

गेल्या महिन्यात पाचपाखाडीहून एक बाई तीन वर्षांच्या मुलाची पत्रिका घेऊन आल्या. मूल फार रडते, त्याचा प्रबळ ग्रह कोणता, असे त्यांनी विचारले. मी विचारले की तो कशाने रडतो, झोप किती आहे, बालरोगतज्ज्ञांना दाखवले का, कान तपासले का. त्या चांगल्याच नाराज झाल्या. डॉक्टरांकडेच जायचे असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, असे म्हणून, चहा तसाच ठेवून निघून गेल्या. टिपण टेबलावर राहिले होते. मी ते परत करायला म्हणून उचलले आणि वाचले. मेष लग्न, चतुर्थात कर्केचा चंद्र, म्हणजे स्वराशीत आणि दिग्बलासह. टिपण पाकिटात घालून मी त्यावर त्यांचे नाव लिहिले, आणि ते लिहीत असताना मूल हळवे असणार, हे माझ्या मनात येऊन गेलेच होते.