गुडघ्याच्या पेन्शनीत कंबर बसते का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो, कारण कॅन्टीनच्या लायनीत उभ्याउभ्या हे सांगायचं म्हणजे माझीच कंबर धरते. प्रश्न ठरलेला, "साहेब, गुडघ्याची डिसॅबिलिटी पेन्शन चालू आहे, त्या गुडघ्यापायी आता कंबरपण गेली, तिचं वेगळं काय मिळंल का?" विचारणारे बहुतेक शिरोळ, गडहिंग्लज, चंदगडकडचे फौजेतले पेन्शनर, आणि हल्ली बऱ्याच जणांनी यूट्यूबवर अमेरिकेचे व्हिडिओ बघितलेले असतात.

तिकडं माजी सैनिकांना खरंच तशी सोय आहे. नोकरीतल्या दुखापतीमुळं पुढं दुसरं दुखणं लागलं तर ते सेकंडरी म्हणून धरतात, डॉक्टरनं कारणासकट लिहून द्यायचं की हे त्याच्यामुळं झालं असण्याची शक्यता निम्मी तरी आहे. २०१८ मध्ये तर तिथल्या फेडरल कोर्टानं सांगितलं की निदान नसलं तरी नुसती वेदना माणसाचं काम अडवत असेल तर ती डिसॅबिलिटी धरता येते. लई भारी वाटतं ऐकायला, पण ते त्यांचं झालं. आपल्या फौजेच्या मेडिकल बोर्डासमोर "कंबर दुखते ओ" म्हणून भागत नाही, कागदावर निदान पाहिजे आणि त्याचा नोकरीशी संबंध पाहिजे, म्हणजे नोकरीमुळं झालं किंवा नोकरीमुळं वाढलं.

माझं सांगतो. गुडघा गेला तो पेट्रोलिंगला, बर्फात घसरून, ड्युटीवर होतो, इंज्युरी रिपोर्ट तेव्हाच भरला गेला, त्यामुळं त्याचा काही वाद झाला नाही, ३० टक्के डिसॅबिलिटी लागली. कंबरेचं तसं नव्हतं. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून वर्षानुवर्षं एका अंगाला झुकून चाललो, जिना उतरताना कठड्याला लोंबकळत उतरायचो, आणि ती चाल शेवटी मणक्यानं भोगली. तीन महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात, माझं तर त्याच्या किती पुढं गेलेलं. बोर्डावरच्या डॉक्टरनं एमआरआय उजेडाला धरला आणि म्हणाला, वयाप्रमाणं झीज आहे. हे वाक्य तुम्हालापण ऐकायला मिळणार, तयारीत राहा, कारण चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यात थोडी झीज दिसतेच आणि तिच्या नावावर सगळं ढकलता येतं.

मग काय चाललं? एका ऑर्थोपेडिक डॉक्टरची चिठ्ठी. तिच्यात "पेशंटला तीव्र वेदना" असलं काही नव्हतं, होती ती साखळी. गुडघा किती वाकतो, कुठल्या बाजूची मांडी बारीक झालीय, चालताना कमरेवर भार कसा पडतो, कंबरेची पहिली तक्रार कुठल्या साली नोंदली. पहिली नोंद नोकरीतलीच होती, एमआय रूमची म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, दोन ओळींची, आणि माझ्या मते अख्ख्या फाइलीत तीच सगळ्यात महागाची. अपिलात कंबर मान्य झाली. निवृत्तीनंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर फौजेच्या पेन्शनच्या २००८ च्या नियमांत ७ वर्षांची मुदत आहे, त्यातपण हेच दाखवावं लागतं की मूळ नोकरीतच रुजलं होतं. आणि बोर्डानं कारण न देता नाकारलं असेल तर धरमवीर सिंग प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल वकिलाला दाखवा. भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीमुळं नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं लिहायची, असं त्यात स्पष्ट आहे.

आता जे कुणी सांगत नाही ते. टक्के बेरजेनं चढत नाहीत, गुडघा ३० आणि कंबर २० म्हणजे ५० असं होत नाही, एकत्रित बघून आकडा काढतात, माझा ४० आला. आणि पैसे? तेवढेच! कारण ५० च्या खालचे सगळे ५० धरून पैसे देतात, ५० ते ७५ वाल्यांना ७५, त्याच्या वर १००. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनापण हे राउंडिंग मिळतं ते सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालामुळं. म्हणजे ३० चे ४० करायला तुम्ही धडपडलात तर खात्यात एक रुपया वाढत नाही. मी केलं ते पुढं गुडघ्याचं ऑपरेशन लागलं आणि आकडा ५० ला टेकला तर कंबर आधीच मान्य असावी म्हणून.

उलट ज्यांचे जेमतेम २० आहेत त्यांना तर मी सरळ सांगतो, गप्प बसा. बोर्डानं दिलेले टक्के साधारण आयुष्यभराचे असतात, तुम्ही स्वतः रिव्ह्यू मागितला तरच परत तपासतात, आणि तपासले की खालीपण येऊ शकतात. मुदत भरून आलेल्या माणसाला निदान २० तरी लागतात, २० चे १५ झाले तर आहे तेपण जाईल. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत, त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी माझे हे आकडे स्वतःला लावू नका.)

नाकारलं तर पहिलं अपील सहा महिन्यांत, मग दुसरं, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं न्यायाधिकरण. ते मुंबईत. हायकोर्टाचं सर्किट बेंच २०२५ ला कोल्हापुरात आलं म्हणून काही जण खूश होऊन फाइल घेऊन आले होते, पण या केसची पहिली पायरी ते नाही, महालक्ष्मी एक्सप्रेस काही चुकत नाही.

आणि अजून नोकरीत असलेल्या पोरांनो, मेडिकल कॅटेगरी लागेल, म्हणजे पूर्ण फिट नाही असा शेरा बसेल, प्रमोशन अडेल म्हणून कंबर लपवता ते मला कळतं, सगळेच लपवतात. पण एमआय रूमला जाऊन निदान एक नोंद तरी करा.

माझ्याकडं येणार असाल तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डाची कॉपी आणि इंज्युरी रिपोर्ट घेऊन या, झेरॉक्स चालेल. रविवारी दुपारी येऊ नका, मी झोपतो.