सीडीके-४ ला कर्करोगाचे विकर म्हणणे मला मान्य नाही

'सीडीके ४/६ इनहिबिटर' (म्हणजे सीडीके-४ आणि सीडीके-६ या दोन विकरांना रोखणारे औषध) असे शब्द लिहिलेले कागद अलीकडे आमच्या भागातल्या घरांतही दिसू लागले आहेत. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे नाशिकला किंवा मुंबईला उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक कधी कधी ते कागद घेऊन माझ्याकडे येतात. अशाच एका तरुणाने आईची फाईल माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "सर, हे बंदच करायचं आहे, तर ते शरीरात असतंच कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर कर्करोगापासून सुरू केले की सीडीके-४ हे विकर (एन्झाइम) शत्रू वाटू लागते आणि पुढचे सगळे समजणे अवघड होऊन बसते. म्हणून मी निरोगी पेशीपासूनच सुरुवात करतो.

एका पेशीच्या दोन व्हायच्या असतील तर आधी डीएनएची पूर्ण प्रत काढावी लागते, आणि ती काढायची की नाही हे त्याआधीच्या जी-१ या टप्प्यात ठरते. सीडीके-४ हे ३०३ अमिनो आम्लांचे प्रथिन याच टप्प्यात काम करते, पण सायक्लिन-डी हे दुसरे प्रथिन त्याला येऊन मिळाल्याशिवाय ते निष्क्रियच असते. बाहेरून वाढीचे संदेश येत असतील तोवरच पेशी सायक्लिन-डी बनवत राहते. संदेश थांबले की असलेले सायक्लिन-डीही थोड्याच वेळात मोडून टाकले जाते. पांझरा नदीकाठच्या फड बागायतीत, म्हणजे पाटाचे पाणी पाळीने वाटून घेण्याच्या पद्धतीत, पाळी आल्याशिवाय पाटकरी कोणाच्या शेतात पाणी सोडत नाही, तसाच हा बंदोबस्त आहे. जोडी जमली की सीडीके-४ आरबी नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट बसवते; त्यामुळे आरबीने तोवर धरून ठेवलेली ई-२-एफ ही प्रथिने मोकळी होऊ लागतात आणि डीएनएची प्रत काढण्यासाठी लागणारी जनुके चालू करतात. उरलेले काम सीडीके-२ हे त्याच कुळातले विकर पूर्ण करते, आणि त्यानंतर पेशी बाहेरच्या संदेशाची वाट पाहत नाही. या सगळ्याला आवर घालणारे प्रथिन म्हणजे पी-१६, जे सीडीके-४ ला थेट धरून ठेवते. ते १९९३ मध्ये डेव्हिड बीच या शास्त्रज्ञाच्या गटाने शोधले.

प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून, काचपट्टी दिव्यावर किंचित तापवून, टिपकागदाखाली अंगठ्याने दाबली की पेशी एका थरात पसरतात. विद्यार्थ्यांची नजर गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढली जात असलेल्या चार-दोन पेशींवर खिळते, आणि गोल, स्वस्थ केंद्रकांच्या बाकीच्या असंख्य पेशींना ते 'काहीच न करणाऱ्या' म्हणून सोडून देतात. विभागायचे की नाही, हा निर्णय मात्र त्या स्वस्थ दिसणाऱ्या पेशींतच झालेला असतो. वनस्पतींत सीडीके-४ नसते, तिथे सायक्लिन-डीची जोडी सीडीके-ए या विकराशी जमते. तरी समोर आरबीसारखेच प्रथिन असते आणि रीतही तीच असते. (रावेर-यावलच्या केळीची उतिसंवर्धित रोपे तयार करताना जे सायटोकायनिन संप्रेरक वापरतात, ते सायक्लिन-डी वाढवते हे अ‍ॅरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत १९९९ मध्ये दाखवले गेले. केळीच्या बागेतून जाताना मला याची हमखास आठवण होते.)

१९९९ मध्येच उंदरांवरचा एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, जो मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. सीडीके-४ चे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मले आणि जगले, कारण बहुतेक अवयवांत सीडीके-६ या त्याच्या जुळ्यासारख्या विकराने त्याची जागा भरून काढली. पण ते आकाराने लहान राहिले, त्यांची प्रजननक्षमता गेली आणि त्यांना मधुमेह झाला. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना जन्मानंतर आपली संख्या वाढवण्यासाठी हेच विकर लागते. उलट, पी-१६ ला न जुमानणारे सीडीके-४ असलेल्या उंदरांत बीटा पेशी अतोनात वाढल्या, आणि पुढे गाठीही झाल्या.

माणसाच्या आजारात बहुतेक वेळा हे विकर स्वतः बिघडलेले नसते, त्याच्यावरचा आवर सुटलेला असतो. अपवाद आहेत: काही कुटुंबांत सीडीके-४ च्या २४ व्या जागेवरचे आर्जिनिन हे अमिनो आम्ल बदललेले असते, पी-१६ ला पकड मिळत नाही, आणि मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या उद्भवतो. आमच्या खानदेशात मात्र ओळखीच्या माणसांना गाठणारा कर्करोग तोंडाचा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण चुना मळलेली तंबाखू दाढेखाली धरण्याची सवय तशीच आहे, आणि याचे मला मनापासून दुःख होते. त्या गाठींमध्ये पी-१६ चे जनुक हरवलेले आणि ११ व्या गुणसूत्रावरील सायक्लिन-डी-१ चे जनुक अनेक प्रतींत वाढलेले वारंवार आढळते. म्हणजे सीडीके-४ धडधाकटच असते, पण त्याला थांबवणारे गेलेले असते आणि चेतवणारे सतत हजर असते.

त्या तरुणाच्या कागदावरच्यासारख्या सीडीके ४/६ इनहिबिटरपैकी पाल्बोसायक्लिब या गोळीला अमेरिकेत फेब्रुवारी २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगासाठी. तिथे इस्ट्रोजेनच सायक्लिन-डी वाढवत असते आणि आरबी बहुधा शाबूत असते. आरबीच नाहीसे झालेल्या गाठीत सीडीके-४ ला रोखून काही साधत नाही. भारतात २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर ही गोळी अनेक कंपन्यांनी बनवली आणि किंमत बरीच उतरली, ही आमच्यासारख्या जिल्ह्यांतल्या कुटुंबांसाठी फार मोठी गोष्ट आहे. ती २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबवतात, आणि पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून रक्त तपासत राहावे लागते. सीडीके-४ आणि सीडीके-६ दोन्ही नसलेले उंदराचे गर्भ तीव्र रक्तक्षयाने मरतात हे ठाऊक असले की रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेवरच्या या परिणामाचे नवल वाटत नाही. औषधाने तिथल्या पेशी मुख्यतः थांबतात, मरत नाहीत; त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत रक्त बरेचसे पूर्ववत होते. याच गुणाचा उपयोग ट्रायलासायक्लिब या दुसऱ्या सीडीके ४/६ इनहिबिटरमध्ये केलेला आहे: फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात ते केमोथेरपीच्या आधी शिरेतून देतात, म्हणजे मज्जेतल्या निरोगी पेशी तेवढा वेळ विभागणी थांबवून बसतात आणि केमोच्या माऱ्यातून वाचतात.