रिपोर्ट नॉर्मल, मग ती झोपून का असते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नौपाड्यात भाजी घेताना, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला हाच प्रश्न येतो: "हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ सगळं नॉर्मल, मग तुमची मुलगी दिवसभर झोपून का असते?"

तिला क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे. एका तापानंतर सुरू झालं. आज केस धुतले की उद्या तिला उठवत नाही, आणि कितीही झोपली तरी थकवा उतरत नाही. जरा श्रम झाले की असं कोसळणं, हीच या आजाराची मुख्य खूण.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे जे तपासलं ते नॉर्मल, एवढंच. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना, आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं, म्हणजे शरीराला ताण पेलायला मदत करणारं संप्रेरक. सकाळी ते चढतं, रात्री उतरतं. १९९१ साली अमेरिकेत अशा रुग्णांची २४ तासांची लघवी तपासली, तेव्हा कॉर्टिसॉल निरोगी माणसांपेक्षा कमी निघालं. पुढे काही अभ्यासांत ते दिसलं, काहींत नाही. शिवाय झोप बिघडली, हालचाल थांबली, तरी ते उतरू शकतं. म्हणजे हे आजाराचं कारण की परिणाम, ते अजून ठरलेलं नाही.

म्हणूनच "थोडं स्टेरॉइड देऊन बघा" म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. १९९८ च्या एका चाचणीत हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, दिलं होतं. रुग्णांना किंचित बरं वाटलं, पण काहींच्या अॅड्रिनल ग्रंथी मंदावल्या. हा उपचार नको, असं संशोधकांनीच लिहिलं.

मेंदूकडे पाहणारे अभ्यास मला जास्त महत्त्वाचे वाटतात. २०१४ मध्ये जपानात ९ रुग्णांच्या पेट (PET) स्कॅनमध्ये मेंदूत दाहाच्या खुणा जास्त दिसल्या. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १७ रुग्ण तपासले. मूठ पुन्हापुन्हा आवळायला लावली, तेव्हा स्नायू दमले नव्हते, मेंदूचा एक भाग मात्र कमी काम करत होता. रुग्ण मोजकेच आहेत, एवढ्यावरून निकाल लागत नाही. पण "आळस आहे" म्हणायला आता कुणाला जागा उरलेली नाही.

आणि कृपा करून तिला तलावपाळीला फेऱ्या मारायला सांगू नका. व्यायाम ठरवून वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतला. भेटायला मात्र जरूर या, आधी फोन करून. दहा मिनिटं बसा. ती पडल्यापडल्या बोलेल.